अवाढव्य भोपळ्याची सावली, पांघरूण आणि राखण

वैदर्भी | १९ जुलै, सकाळी ८:१०

मंडळी, मदत हवी आहे. मी मिनेसोटात अनोकाजवळ राहते. २०२३ साली २,७४९ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १,२४७ किलोंचा भोपळा पिकवून जागतिक विक्रम करणारे ट्रॅव्हिस गिंगर याच गावचे. त्यामुळे आमच्याकडे भोपळा हा भाजीचा विषय राहिलेलाच नाही. शेजारच्या आजोबांनी मे महिन्यात ‘अटलांटिक जायंट’चं एक रोप दिलं. वेल छान पसरला, ३ जुलैला सकाळी हाताने परागीकरण केलं, फळ धरलं. आता घेर मीटरभर भरतो आणि रोज वाढतोय.

आजोबा "फळावर सावली कर" एवढं सांगून मुलाकडे कॅनडाला गेले. सावली म्हणजे नक्की काय, ते विचारायचं राहिलं. नवरा गॅरेजमधली निळी ताडपत्री काढून तयार आहे. आई वर्ध्याहून फोनवर म्हणते, पंचेचाळीस डिग्रीत आपल्याकडे बांधावर भोपळे होतात, तुमच्या त्या थंड मुलुखात त्याला कसलं ऊन लागतंय!

सावली फक्त फळावर करायची की वेलावरसुद्धा? दुपारी दोनला पानं माना टाकतात, बघवत नाही. कापड कुठलं, आणि ते फळाला टेकलं तर चालतं का? फळ सध्या थेट मातीवर आहे, खाली काही सारावं का? ऑक्टोबरात स्टिलवॉटरच्या हार्वेस्ट फेस्टला भोपळ्यांच्या वजनाची स्पर्धा असते, तिथे काट्यावर चढवायचं मनात आहे. नंबर वगैरे नको, फुटका निघू नये एवढंच.

चिंगीची_आई | १९ जुलै, सकाळी ८:३२

फोटोशिवाय धागा ग्राह्य धरला जाणार नाही. बाकी लेकीकडे निघालेल्या म्हातारीला कळवलंय, यंदा टू बीएचके मिळतोय म्हणून.

रानवेल | १९ जुलै, सकाळी ११:०५

वैदर्भी, अभिनंदन. ऱ्होड आयलंडमध्ये बरीच वर्षं हे वेड करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऊन पानांना हवं, फळाला नको. अन्न पानं बनवतात, फळ ते नुसतं साठवतं. फळावर ऊन पडलं तर साल तापते, लवकर निबर होते. या जातीचं फळ भर वाढीत दिवसाला पंधरा-वीस किलोंनी फुगतं. आतला गर असा रेटा लावत असताना साल ताणायला तयार नसेल तर ती फाटते. म्हणून फळ नारळाएवढं झाल्यापासून ते काट्यावर जाईपर्यंत सावलीत.

तुमच्या आईंचं म्हणणं खोटं नाही, पण त्या वेगळ्या भोपळ्याबद्दल बोलताहेत. आपल्याकडचा लाल भोपळा बहुतेक मोशाटा प्रजातीचा, हा मॅक्झिमा. शिवाय आपल्याला बांधावरचा भोपळा जून व्हायला हवा असतो. साल कडक झाली की तो माळ्यावर टिकतो. इथे सगळा खटाटोप उलटा आहे: हा जूनच होऊ द्यायचा नाही. साल मऊ राहील तेवढे दिवस वाढ मिळते. सावली, पांघरूण, पाणी, सगळं त्याच एका गोष्टीसाठी.

कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल यांनी ही जात निवडत निवडत घडवली. १९८१ मध्ये त्यांचा ४९३.५ पौंडांचा भोपळा जगात सर्वांत जड होता. आज तेवढ्या वजनाला जत्रेत कोणी वळूनही बघत नाही. बी सुधारलं हे खरंच, पण फळ किती दिवस वाढत ठेवायचं हेही लोकांना कळत गेलं.

कापडाचं सांगतो. जुनी पांढरी सुती चादर उत्तम. रंगीत नको, काळी तर नकोच. सुरुवातीला फळावर अलगद टाकली तरी चालते, पण रात्रीच्या दंवाने ओली झाली तर सकाळी बदला. ओलं कापड सालीला चिकटून राहिलं की बुरशी. आता तुमचं फळ मीटरभराचं झालंय, तेव्हा खांबच रोवा. चार कोपऱ्यांत चार, वर चादर किंवा पांढरी शेडनेट, फळापासून किमान दोन फूट उंच, चारही बाजू मोकळ्या. माप आजच्या फळाचं घेऊ नका. ऑगस्टअखेर तेच फळ चार-पाच फूट रुंद असेल आणि तेव्हा खांब उपटायला गेलात तर वेलाच्या मुळांवर पाय पडेल. सहा बाय सहा फूट पुरे. लोक अंगणातल्या पार्टीचा दहा बाय दहाचा घडीचा मांडव उभा करतात. छान दिसतो, पण खालची शंभर चौरस फूट पानं उपाशी राहतात.

निळी ताडपत्री परत गॅरेजात. प्लॅस्टिक अंगावर टाकलं की खाली उष्णता कोंडते आणि घाम धरतो.

देठाकडे विशेष लक्ष द्या. देठावरही सावली हवी, पण तिथे कापड टेकता कामा नये. देठ आणि खांदे यांच्यामधल्या खाचेत पाणी साचलं तर सड तिथूनच सुरू होते.

दुपारी पानं माना टाकतात ते राहू द्या. संध्याकाळी उभी राहिली तर वेल ठणठणीत आहे. सकाळी सातलाही पडलेलीच असतील तर मात्र मुळाशी बघा.

खाली वाळू. दोन-तीन इंचांचा थर, त्याखाली बारीक तारेची जाळी, कारण उंदरांना खालून पोखरायची फार हौस. वाळूत पाणी थांबत नाही आणि फळ फुगताना तिच्यावर सरकू शकतं. आत्ता दोघांनी मिळून फळ तिरकं करता येईल, महिन्याने येणार नाही. हे काम भर दुपारी करा. वेल तेव्हा मलूल असतो म्हणून वाकतो. सकाळी पाण्याने ताठ असतो, कट्कन मोडेल.

काळी_माती | १९ जुलै, रात्री ९:१५ (भारतीय वेळ)

रानवेल साहेब, दिवसाला पंधरा किलो? टंकनात चूक झाली का?

आम्ही उन्हाळी कलिंगड करतो, तालुका इंदापूर. फळ पानातून उघडं पडलं की वरच्या अंगाला पांढुरका चट्टा पडतो, मग तो पिवळा होऊन मऊ पडतो. व्यापारी असलं फळ हातात घेत नाही. मार्च संपता संपता आम्ही वेलाचाच पाला ओढून फळं झाकतो, पाला कमी असेल तर उसाचं पाचट. सगळ्या रानाला हे करणं म्हणजे मजुरी बसते, पण चट्ट्याचा तोटा त्याहून मोठा. तुमच्या ताईंचं एकच फळ आहे, त्याला चादर काय, गादी घाला.

एक विचारतो. पाचट का नाही वापरत? फुकटचं असतं.

रानवेल | १९ जुलै, दुपारी १२:२०

चूक नाही दादा. चांगल्या वेलावर, फळ धरल्यानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिवसाला ३० ते ५० पौंड. एका वेलाला एकच फळ ठेवतात, बाकी सगळी खुडतात. आठशे-हजार चौरस फूट जागेतल्या पानांची कमाई त्या एकाच्या पोटात जाते.

पाचट-पेंढा फळावर नाही चालत. ओला झाला की ओला राहतो आणि उंदीर-गोगलगायींना घर मिळतं. कलिंगड काही आठवड्यांत बाजारात जातं, हे फळ शंभर दिवस एका जागी बसून असतं. पण वेलाखाली आच्छादन म्हणून उत्तम.

पेशीजाल | १९ जुलै, दुपारी १:४८

वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून राहवलं नाही. एवढं वजन फळात जातं कसं, यावर २०१५ मध्ये एक सुंदर शोधनिबंध आला होता. जेसिका सॅव्हेज आणि सहकाऱ्यांचा. त्या सध्या मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ शाखेत आहेत, म्हणजे वैदर्भीच्याच राज्यात. त्यांनी अवाढव्य भोपळ्यांची तुलना हबर्ड जातीच्या लहान भोपळ्याशी केली. या राक्षसांमध्ये साखर वेगाने धावत असेल असं वाटतं ना? वेग तेवढाच निघाला. फरक होता तो अन्न वाहून नेणाऱ्या ऊतींच्या प्रमाणात. देठात, खोडात फ्लोएम जास्त. निवड वजनाची होत गेली आणि आतली वाहिन्यांची व्यवस्था आपोआप रुंदावत गेली.

देठ जपायला का सांगतात ते यावरून कळेल. जे काही जायचं ते त्या एका देठातून. फळ उंचावत गेलं की देठाशी वेल वर ओढला जातो. आजूबाजूच्या दोन-तीन पेरांवरची मुळं सोडवून तिथे वेल मोकळा ठेवायचा, म्हणजे तो फळाबरोबर उचलला जातो.

दख्खनी | १९ जुलै, दुपारी ४:३०

"ऊन पानांना हवं" हे ऱ्होड आयलंडला बसून म्हणणं सोपं आहे, रानवेल. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला या. इथे जुलैत पारा चाळीशी गाठतो आणि पानांच्या कडा अक्षरशः करपतात. आमच्याकडे एल्क ग्रोव्हच्या भोपळा महोत्सवाला उतरणारे कित्येक जण अख्ख्या वेलावर तीस टक्क्यांची शेडनेट ताणतात आणि दुपारी तुषारांनी पानं गार करतात. मलूल पान अन्न बनवत नाही. दुपारी चार तास पानं झोपली तर तेवढा दिवस वाया गेला. संध्याकाळी उभं राहिलं म्हणजे ठीक, हे मला पटत नाही.

रानवेल | १९ जुलै, सायंकाळी ६:०२

मान्य, तुमच्या हवेत. पण वैदर्भीच्या इथे ३० डिग्री म्हणजे लोक तक्रार करायला लागतात. तिथे वेलावर जाळी ताणली तर आधीच आखूड असलेल्या हंगामातला उजेड कापला जाईल. आणि तुषारांचं जपून. दमट हवेत संध्याकाळी पानं ओली राहिली तर बुरशीच्या रोगांना आमंत्रण. तुमच्याकडे हवा कोरडी, तुम्हाला पचतं.

खवट | २० जुलै, सकाळी ७:५५

मी मूळ प्रश्नावरच येतो. शंभर दिवस राखण, रोज शंभर गॅलन पाणी, खतं, चादरी, खांब. हा भोपळा खाता येतो का? नसेल तर हे कशासाठी?

रानवेल | २० जुलै, सकाळी ८:४०

खाता येतो, पण खाऊ नये. चव पाणचट, गर धाग्यांचा. नंतर गाई-गुरांना जातो, प्राणिसंग्रहालयात हत्तींना फोडायला देतात, हॅलोविनला कोरतात. आणि पैसेही आहेत. कॅलिफोर्नियात हाफ मून बेला पहिल्या क्रमांकाला पौंडाला ९ डॉलर, जागतिक विक्रम केला तर ३०,००० डॉलर. गिंगर यांना २०२३ मध्ये ते मिळाले. पण खवटराव, सच्चा माणूस पैशासाठी करत नाही. रोज सकाळी टेप लावून कालच्यापेक्षा किती वाढला ते बघायची नशा असते.

खवट | २० जुलै, सकाळी ८:५१

नशा म्हणालात, आता समजलं. चालू द्या.

चिंगीची_आई | २० जुलै, सकाळी ९:२०

हो पण त्यात बसता येतं की नाही ते कोणी सांगेल का? मी गंभीरपणे विचारतेय.

पेशीजाल | २० जुलै, सकाळी १०:००

येतं! पोखरून होडी करतात. हॉवर्ड डिल यांच्या विंडसरला १९९९ मध्ये भोपळ्यांच्या होड्यांची शर्यत सुरू झाली. २०२२ मध्ये नेब्रास्कातले एक गृहस्थ स्वतःच पिकवलेल्या ८४६ पौंडांच्या भोपळ्यात बसून मिसूरी नदीतून ३८ मैल वल्हवत गेले. तेव्हा म्हातारीने फक्त वल्हं आणायचं.

सोलेंट_किनारी | २० जुलै, दुपारी ३:१० (ब्रिटिश वेळ)

दक्षिण इंग्लंडमधून हजेरी. सध्याचा विक्रम आमच्या शेजारचा आहे, हे नोंदवून ठेवते. हॅम्पशरमधल्या लिमिंग्टनचे इयन आणि स्टुअर्ट पेटन हे जुळे भाऊ. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बर्कशरला वॉरग्रेव्ह इथे त्यांचा भोपळा १,२७८.८ किलो भरला.

ते काचघरात वाढवतात. आमच्याकडे सावलीची गंमत अशी की वर्षभर ऊन मागायचं आणि जूनमध्ये काचेखाली पारा चढला की त्याच उन्हाला आवरायचं. इथली साधी पद्धत म्हणजे काचेला बाहेरून पांढऱ्या रंगाचा पातळ हात मारायचा आणि शरद सुरू झाला की पुसायचा. शिवाय छताच्या खिडक्या उघड्या. पण फळावर वेगळं पांघरूण आतसुद्धा असतंच. वारा, गारा, हरणं यांचा प्रश्न मात्र काचेने सुटतो. वैदर्भी, तुमच्याकडे वाऱ्याचं काय? मिनेसोटाची वादळं ऐकून आहे.

वैदर्भी | २७ जुलै, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. चार खांब, पांढरी चादर, खाली जाळी आणि वाळू, असं सगळं झालं. फळ भर दुपारी तिरकं केलं, वेल मुकाट्याने वाकला.

सोलेंट, तोंडातून काय काढलंत! गुरुवारी वादळ झालं. चादरीत वारा भरला आणि एक खांब मुळासकट वर आला. नशिबाने फळावर नाही पडला, पण सुटलेला कोपरा रात्रभर सालीवर घासत होता. एक हातभर लांब खरवडलेला पट्टा दिसतो, खोल नाही. वाटाण्याएवढ्या गारांनी पानांना भोकं पाडली आहेत. फळावर गारांची खूण नाही, ती चादरीने झेलली. म्हणजे सावली छत्री म्हणूनही उपयोगी पडली.

खरवडल्याचं काही करावं लागेल का? आणि वाऱ्यासाठी कापड बदलू का?

रानवेल | २७ जुलै, रात्री १०:२५

वरवरचा ओरखडा सुकून खपली धरतो, नंतर तिथे खरबरीत जाळी दिसेल. दोन दिवस तिथे पाणी लागू देऊ नका. नखाने टोकरत बसू नका.

वाऱ्यासाठी चादर काढून पांढरी शेडनेट लावा, तिच्यातून वारा आरपार जातो. खांब दोन फूट खोल, आणि प्रत्येक खांबाला बाहेरच्या बाजूने दोरीचा ताण. गाठी सैल ठेवू नका, फडफडणारं कापड सुरीसारखं काम करतं. आणि ज्या बाजूने वादळ येतं, म्हणजे तुमच्याकडे बहुधा पश्चिमेने, तिथे वेलाच्या कडेला गोणपाटाचं कुंपण घाला. कंबरेएवढं पुरे. नुसत्या फळाचं रक्षण करून भागत नाही. वेलाचं टोक वाऱ्याने उलटलं तर मातीत गेलेली पेरापेरावरची मुळं तुटतात आणि त्या बाजूचं पाणी बंद. वाढत्या टोकांवर मातीची भर देत चला.

काळी_माती | २८ जुलै, सकाळी ७:१०

ताई, गारपिटीनंतर भोकं पडलेली पानं काढू नका. अर्धं पान असलं तरी काम करतं. आमच्याकडं गारपीट झाली की नवखी माणसं घाबरून सगळा पाला साफ करतात आणि उरलेली फळं उन्हात उघडी टाकतात.

वैदर्भी | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

घेर आता २९० सेंटीमीटर. खांद्यावर, देठापासून वितीच्या अंतरावर एक बारीक तडा दिसतोय. साधारण बोटभर लांब, आत ओलसर. परवा संध्याकाळपासून मुसळधार पाऊस होता, त्याआधी आठवडाभर थेंब नव्हता. पोटात गोळा आलाय. फळ गेलं का?

रानवेल | १२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

गेलं नाही. श्वास घ्या. तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला तरच फळ स्पर्धेतून बाद. ग्रेट पंपकिन कॉमनवेल्थ या स्पर्धांच्या संघटनेच्या वजनकाट्यांवर हाच नियम: पोकळीत उघडणारं भोक किंवा भेग असेल तर वजन होईल, क्रमांक मिळणार नाही. या फळांची भिंत वीतभर जाड असू शकते, बोटभर लांबीची वरवरची भेग म्हणजे सुरुवात आहे, शेवट नाही.

आत्ता करायचं ते असं. टिपकागदाने ओल टिपा. घरातला टेबलफॅन लांबून त्या जागेवर सोडा, रात्रभरसुद्धा. कडा कोरड्या आणि फिकट झाल्या की भाजीपाल्याला चालणारं बुरशीनाशक कोरडंच भुरभुरवा. मेण, चिकटपट्टी, सिमेंट असलं काही भरू नका, आत ओल कोंडून सडेल. भेगेच्या टोकांना पेनने बारीक खूण करा म्हणजे वाढतेय का ते कळेल.

आणि इथून पुढे पाणी रोज ठरावीक. सावली कितीही चांगली असली तरी आठ दिवस कोरडं आणि मग एकदम लोट, असं झालं की फळ सालीला विचारत नाही. पावसाच्या आदल्या दिवसांतही ठिबक चालू ठेवायचं, म्हणजे माती तहानलेली नसते आणि एकदम ओढून घेत नाही.

दख्खनी | १२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

रानवेलशी पूर्ण सहमत, लिहून ठेवा, असं रोज होत नाही.

त्यात भर: रात्री फळावर पांघरूण घालताय का? दिवसा ३०, पहाटे १२ असा फरक पडायला लागला की साल रोज आकसते आणि ताणते. मी संध्याकाळी जुनी घोंगडी घालतो, सकाळी काढतो. फळ रात्रीच जास्त वाढतं, तेव्हा पानांतून पाणी उडत नाही आणि सगळा दाब फळाकडे असतो. त्या वेळी ते उबदार हवं.

रानवेल | १२ ऑगस्ट, दुपारी १२:१०

इथे मात्र माझं वेगळं मत. सप्टेंबरात पांघरूण, हो. ऑगस्टात नको, निदान दमट भागात. घोंगडीखाली फळ घामेजतं, आणि भेग पडलेल्या फळाला तर मुळीच घालू नका. शिवाय उबेने वाढ वेगवान होते हे खरं असलं, तरी वेगवान वाढीलाच तडे जातात. मी ऑगस्टात थोडी हळू पण अखंड वाढ पत्करतो.

दख्खनी | १२ ऑगस्ट, दुपारी १२:४४

हळू वाढीने विक्रम होत नाहीत.

रानवेल | १२ ऑगस्ट, दुपारी १२:५०

फुटलेल्या भोपळ्यानेही होत नाहीत.

वैदर्भी | १२ ऑगस्ट, रात्री ८:००

तुमचं चालू द्या, मी पंखा लावलाय. :) टोकांच्या खुणा आहेत तिथेच आहेत. घोंगडी सप्टेंबरात.

पेशीजाल | १३ ऑगस्ट, सकाळी ९:१५

फळ बसकं होतंय का? काळजी नको, ते वजनाने होतं. जॉर्जिया टेकच्या डेव्हिड हू यांच्या चमूने २०११ मध्ये यावर काम केलंय. वाढ होताना स्वतःच्याच वजनाने फळ पसरत जातं, आणि खालून कमानीसारखं आत वळतं. म्हणून खालची वाळू मधे उंच रचून टेकू द्यायला जाऊ नये.

संत्रानगरी | १३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

किडींचं कोणीच बोललं नाही! स्क्वॉश बोरर, काकडीवरचे भुंगेरे?

संपादक_बागकाम | १३ ऑगस्ट, दुपारी १:००

किडींसाठी वेगळा धागा आहे, तिकडे विचारा. हा सावली-पांघरुणापुरता ठेवूया.

वैदर्भी | २६ सप्टेंबर, रात्री १०:०५

शेजारचे आजोबा परत आले. भोपळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, देठ दाबून बघितला आणि "हं" म्हणाले. मिनेसोटात ही शाबासकी असते म्हणे. भेग तेवढीच राहिली. तिन्ही मापं घेतली, म्हणजे घेर, एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि देठाकडून फुलाच्या टोकाकडे. मापांवरून वजनाचा अंदाज देणाऱ्या तक्त्यात ६४० पौंडांच्या आसपास येतंय.

परवा रात्री शून्याखाली जाणार असं वेधशाळा सांगते. स्पर्धेला अजून पंधरवडा आहे. आत्ताच कापू का?

रानवेल | २६ सप्टेंबर, रात्री १०:४०

कापू नका. कापल्यापासून आवक बंद आणि पाणी उडणं चालू, वजन उतरायला लागतं. परवा संध्याकाळी ऊन उतरायच्या आत फळावर दोन घोंगड्या, त्यावर तीच ताडपत्री. नवऱ्याला सांगा, तिचा दिवस आला. एका रात्रीपुरती चालते, पहाटे दंव वितळलं की लगेच काढा. देठाजवळच्या मोठ्या पानांवर चादरी. सगळा वेल वाचणार नाही, देठाकडची पानं वाचली तरी दोन आठवडे थोडी भर पडत राहते. काट्याच्या आदल्या दिवशी कापा, वेलाचे थोडे तुकडे देठाला ठेवून. गाडीवर ओलसर चादर टाकून न्या. उचलायचं ते पट्ट्यांच्या कड्याने आणि तिवईने, खाली लाकडी पॅलेट. देठाला धरून कोणी ओढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

वैदर्भी | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

६६१ पौंड. जवळजवळ ३०० किलो. भेग तपासणाऱ्याने विजेरी लावून पाहिली आणि पास म्हणाला. क्रमांक खूप खालचा, पण मुलांनी काट्यासमोर जो धुडगूस घातला तो बघून विजेत्यानेही टाळ्या वाजवल्या. आई आता वर्ध्याला सगळ्यांना सांगतेय की लेकीने तीन क्विंटलचा भोपळा केला.

चिंगीची_आई | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०६

दंडवत! वाचनखूण साठवलेली आहेच.

काळी_माती | १३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

ताई, जबरदस्त. तीन क्विंटल एका फळाचं! आमच्या गावात सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील.

रानवेल साहेब, याचं बी आमच्याकडं लागेल का? पाकिटातून दोन-चार बिया पाठवता येतील का? माझ्याकडं ढोबळी मिरचीची जुनी शेडनेट पडून आहे, पन्नास टक्क्यांची, हिरवी.

रानवेल | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

दादा, बिया पाकिटात घालून पाठवणार नाही, मागू पण नका. परदेशातून बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. काकडीवर्गातले काही विषाणू बियांतूनही पसरतात. तुमच्या कलिंगडात नवा रोग शिरला तर भोपळा महागात पडेल.

मॅक्झिमाच हवा असेल तर भारतात आहे. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची ‘अर्का सूर्यमुखी’ याच प्रजातीची. फळ मात्र किलोभराचं, जत्रेत मिरवायला नाही, बाजारात विकायला. मोठ्या फळाची हौस भागवायची तर तुमच्याच भागातला सर्वांत मोठा गावठी भोपळा शोधा, त्याचं बी धरा, एका वेलावर एकच फळ ठेवा आणि भर उन्हाळ्यात न जाता ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. तीन क्विंटल होणार नाही, पण तुमच्या बाजारात कोणी न पाहिलेलं फळ नक्की निघेल.

हिरवी जाळी फळापुरती बिनधास्त वापरा. एकेरीच ताणा, फळापासून हातभर उंच. दुपारच्या उन्हासाठी पश्चिमेकडची बाजू थोडी खाली उतरवा.

काळी_माती | १३ ऑक्टोबर, रात्री १०:५०

बरोबर आहे, बियांचं ध्यानात नव्हतं आलं. गावठी बी मावशीकडं आहे, तिच्या परड्यात दरवर्षी वीस-बावीस किलोचं फळ निघतं. दिवाळीनंतर लावतो. एक फळ ठेवायचं म्हणजे बाकीची खुडायची, हे मावशीला पटवणं अवघड जाणार आहे.